दहावं न घेणारं मशीन

“मशीन कधी चुकत नाही, चुकतो तो माणूस.” हे वाक्य कुणी माझ्यासमोर टाकलं की आजही तळपायाची आग मस्तकात जाते. अहो, मशीनला शिकवलं कुणी? आभाळातून शिकून आलंय काय ते? पीएलसी म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणारा छोटा कॉम्प्युटर. सांगितलेलं ऐकतो, तेवढंच करतो, आणि चुकीचं सांगितलं तर चुकीचंही तेवढ्याच इमानानं करतो. त्या इमानानं एका उन्हाळ्यात माझ्या दाजींचं पार वाटोळं करायला घेतलं होतं, आणि सगळी फौंड्री बोट दाखवत होती ती दाजींकडंच.

मी तेव्हा उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपात कामाला होते. नव्वदचं दशक संपत आलेलं. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली तिथं मी एकटीच बाई. कंट्रोल पॅनेलचं वायरिंग करायचं, टेस्टिंग करायचं, हे माझं काम. प्रोग्राम मात्र आमचे साहेब स्वतः लिहायचे. वर्कशॉप त्यांचंच. पुण्यात शिकून आलेले, बोलणं एकदम शुद्ध. आम्हा कोल्हापूरच्या बायकांच्या तोंडात ‘मी आलो, मी गेलो’ असंच असतं, आईच्याही होतं, आजीच्याही होतं. पण मी सकाळी दारातून “साहेब, आलो” म्हटलं की ते चष्म्यावरून बघत म्हणणार, “आलो नाही, आले.” रोज. न चुकता. माझं क्रियापद सुधारण्यात त्या माणसाला केवढा आनंद व्हायचा!

दाजी म्हणजे माझ्या आक्काचे मालक. राहायला गडमुडशिंगीत, आणि जवळच्या एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मिक्सर चालवायचे. ओतकामाचे साचे वाळूचे करतात. त्या वाळूत माती आणि पाणी बेतानं मिसळून द्यायचं, हे त्यांचं काम. पाणी कमी पडलं तर साचा ढासळतो. जास्त झालं तर त्याहून वाईट. लोखंडाचा उकळता रस ओल्या साच्यात पडला की पाण्याची वाफ होते आणि रस उलटा अंगावर उडतो. तो रस ओतायचं काम दाजींच्या दोस्ताकडं होतं. दोघं एका गल्लीतले, एकाच इयत्तेत नापास झालेले, एकाच मोपेडवर बसून कामावर जाणारे. आक्का म्हणायची, “मला सवत हाय. मिशी ठेवती ती.”

त्या फौंड्रीतलं जुनं पॅनेल काढून आमच्या साहेबांनी दिवाळीच्या सुट्टीत नवा पीएलसी बसवला. मिक्सरवरच्या अंकांच्या दोन चकत्या मात्र जुन्याच ठेवल्या. एक दशकाची, एक एककाची. बोटानं फिरवून आकडा लावायचा, तेवढे सेकंद पाणी सुटायचं. आठ लावलं तर आठ सेकंद. थंडीत आठ-नऊमध्ये भागायचं, त्यामुळं सगळे खूश. फौंड्रीत साहेबांचा सत्कार झाला, फेटा बांधला, नारळ दिला. फेटा बांधायची आमच्याकडं भारी घाई असते.

मग ऊन चढलं. वाळू तापून कोरडी पडायला लागली. जास्त पाणी पाहिजे म्हणून कुणीतरी दहा लावलं, तर मिक्सरातून वाळूच्या जागी लगदा बाहेर पडला. परत नऊ लावलं, वाळू झकास. परत दहा, परत लगदा. आता अशा वेळी शहाणा माणूस काय करील? फोन करील, तक्रार करील, बसवणाऱ्याला बोलावून घेईल. आमच्या लोकांनी काय केलं? मशीनची कुंडली मांडली! म्हणे, “ह्ये दहावं घेत न्हाय.” अमावस्येच्या सुट्टीत बसवलेलं मशीन. दहावं म्हणजे मेल्या माणसाचं दहाव्या दिवसाचं कार्य. मग असल्या मशीनला दहाचा आकडा चालेल कसा? झालं, विषय संपला. दर अमावस्येला नारळ फोडायचा, चकती नवाच्या पुढं न्यायची नाही, आणि कमी पडेल ते पाणी मगानं मारायचं.

हे सगळं दाजींनीच मला आक्काच्या परड्यात बसून सांगितलं होतं, तेही कौतुकानं. मी म्हटलं, “दाजी, आमच्या साहेबांस्नी सांगा की.”

“त्यास्नी काय सांगायचं? आमचं ऐकत्यात व्हय ते?” दाजी म्हणाले. “आणि मशीनलाबी सोभाव असतोय की. म्हशीला असतोय, तसा मशीनला.”

वैशाखात एक दिवस फौंड्रीचे मॅनेजर मिक्सरपाशी आले आणि त्यांना तो मग दिसला. भडकलेच. “जग एकविसाव्या शतकात निघालंय आणि तुम्ही दहाव्याला भिताय? बंद करा ही अंधश्रद्धा! बारा लाव.” दाजींनी बारा लावलं. वैशाखाच्या उन्हानं वाळू पार भाजून निघालेली, म्हणून या वेळी लगदा झाला नाही, पण बाहेर आली ती त्यांनी मुठीत दाबून बघितली आणि म्हणाले, “साहेब, वली वाटतीया.” मॅनेजर म्हणाले, “बारा म्हणजे बारा. जाऊ दे पुढं.” गेली पुढं. ही मुठीची गोष्ट मला पुष्कळ नंतर कळली.

दुपारी त्याच वाळूच्या एका साच्यानं रस बाहेर फेकला. तो दोस्ताच्या बुटात शिरला आणि उजवं पाऊल घोट्यापर्यंत भाजलं. बूट कापून काढावा लागला. काढला दाजींनीच.

चौकशी लागली. आमच्या साहेबांनाही बोलावलं. ते गेले, खिशातून स्टॉपवॉच काढलं, चकतीवर पाच लावलं, पाच सेकंद पाणी पडलं. “प्रोग्राम ओके आहे,” म्हणाले आणि चहा पिऊन आले. पाच! दहाच्या पुढं बिघडतंय म्हणून माणसं बोंबलतायत आणि हे पाच लावून बघतायत. दुखतोय गुडघा आणि डॉक्टर बघतोय कान. मग काय, चोर सोडून संन्याशाला फाशी. ऑपरेटरनं निष्काळजीपणानं जादा पाणी सोडलं, असं ठरलं आणि दाजी घरी बसले. बारा लावायला सांगणारे मॅनेजरच चौकशीच्या खुर्चीत बसलेले. त्यांना तो बारा कसा आठवावा?

पण दाजींना नोकरीचं काही वाटत नव्हतं. त्यांच्या डोक्यात एकच बसलं होतं, की मी माझ्या हातानं माझ्या दोस्ताला जाळलं. ते दवाखान्यात गेले नाहीत. दोस्त घरी आला तरी गेले नाहीत. गल्ली तीच, मध्ये पाच-सहा घरं. पण दुकानाला जायचं तरी दाजी मागच्या शेतातून वळसा घालून जायचे, त्याचं दार वाटेत लागू नये म्हणून. जेवता जेवता ताटावरून उठायचे. आक्का मला म्हणाली, “नोकरी गेली तर जाऊ दे ग, चार म्हशी राखीन मी. पण ह्यो माणूस माझ्या हातातनं चाललाय.”

मी दुसऱ्या दिवशी साहेबांना म्हटलं, “साहेब, तो प्रोग्राम मला एकदा बघू द्या. दहाच्या पुढं गडबड हाय असं माणसं म्हणत्यात.”

“तू वायरिंग बघ,” साहेब म्हणाले. आणि वर, “म्हणत्यात नाही. म्हणतात.”

काय करावं असल्या माणसाचं? हातात पक्कड होती माझ्या. खाली ठेवली आणि बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं.

पुढच्याच आठवड्यात त्या मिक्सरचं पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हची कॉइल जळाली. आमचा फिटर लग्नाला गेलेला, म्हणून साहेबांनी मला पाठवलं. मी बॅगेत कॉइल टाकली आणि तिच्याबरोबर प्रोग्रामरही टाकला. प्रोग्रामर म्हणजे कॅल्क्युलेटरसारखा डबा. पीएलसीला वायरनं जोडला की त्याच्या पोटात काय आकडे फिरतायत ते दिसतं. विचारून नेला नाही. विचारलं असतं तर मिळाला नसता.

फौंड्रीत जेवणाची सुट्टी होती, मिक्सर बंद. कॉइल बसवली, डबा जोडला. चकतीवर आठ लावलं, डब्यावर आठ. नऊ लावलं, नऊ. मग दहा लावलं. डब्यावर सोळा! मी चकती पुसली, परत लावली. सोळाच. अकरा लावलं, सतरा. बारा लावलं, अठरा. वीस लावून बघितलं तर बत्तीस. म्हणजे त्या दिवशी दाजींनी बारा सेकंदांचं पाणी मागितलं होतं आणि मशीननं अठरा सेकंदांचं ओतलं होतं.

कारण लगेच कळलं, आणि कळल्यावर अंगाचा तिळपापड झाला. अहो, हे पहिल्या सत्रात शिकवतात! चकत्या आपापला अंक वेगवेगळ्या तारांवरून आत पाठवतात. आत आल्यावर पीएलसीला सांगावं लागतं, बाबा रे, हे दोन सुटे अंक आहेत, एक दशकाचा आणि एक एककाचा, आधी यांचा मिळून एक आकडा कर आणि मग वापर. त्यासाठी एक सूचना असते. एक ओळ. ती ओळ साहेबांनी लिहिलीच नव्हती. आलेलं उचललं आणि सरळ पुढं ढकललं. तसं केलं की पीएलसी स्वतःच्या मोजणीनं चालतो, आणि त्याच्या मोजणीत दशकाच्या जागेवरचा एक म्हणजे दहा नव्हे, सोळा. आजोबांच्या वेळचा सोळा आण्यांचा रुपयाच त्याच्या डोक्यात. नऊपर्यंत दशकाची जागा रिकामी, म्हणून नऊपर्यंत सगळं खरं. पाच लावून तपासणाऱ्याला ते जन्मात सापडलं नसतं.

आणि खरं सांगते, मला एकट्या साहेबांचाच राग आला नाही. त्या अख्ख्या फौंड्रीचा आला. दोन महिने मशीन ओरडून सांगत होतं की माझा दहाचा आकडा चुकतोय. कुणी त्याला नारळ फोडला आणि कुणी अंधश्रद्धा म्हणून हाकललं. दहाच का, अकराचं काय, विसाचं काय, हे एकाही शहाण्यानं विचारलं नाही. दाजींनीसुद्धा नाही.

मी मॅनेजरांना बोलावून आणलं. त्यांच्यासमोर चकतीवर दहा लावलं आणि डबा त्यांच्या हातात दिला. त्यांनी सोळा बघितलं, परत बघितलं, डबा माझ्याकडं दिला. “बरं, दुरुस्त कर आणि जा. चौकशीचे कागद वर गेलेत.”

“माझे दाजी घरी बसलेत त्या कागदांपायी,” मी म्हटलं.

“अच्छा! म्हणजे तू त्याची मेहुणी काय?” असं म्हणून हसले. जसं काही सोळाचा आकडा मी माहेरून आणला होता.

मी कॉइलची एक तार सोडवली आणि खिशात हात घालून उभी राहिले. म्हटलं, “आता मी काय दुरुस्त करत न्हाय. आमच्या साहेबांस्नी बोलवा. त्यांनी लिवलंय, त्यांनीच बघावं.” सुट्टी संपली, माणसं जागेवर आली, मिक्सर बंद, वाळू नाही, सगळी फौंड्री माझ्याकडं बघत उभी. मॅनेजरांचा चेहरा लालबुंद. झक मारत फोन केला त्यांनी.

साहेब आले. डबा बघितला, चष्मा वर केला, खाली केला. “हं,” म्हणाले. “एक इन्स्ट्रक्शन राहिलीय. किरकोळ आहे.”

“किरकोळ?” माझा आवाज त्या शेडमध्ये घुमला. “साहेब, माणसाचा पाय जळालाय! पाच लावून बघितलासा तुम्ही. दहा लावून बघाय हात झडला हुता काय?”

“आवाज खाली,” ते पुटपुटले. “लोक बघतायत.”

“बघू देत की! बघाय पायजेच!”

त्या दिवशी त्यांनी माझं एकही क्रियापद सुधारलं नाही. गुमान ती ओळ घातली. चकतीवर दहा, डब्यावर दहा. मी तार परत जोडली.

दोनेक दिवसांनी फौंड्रीचा माणूस दाजींकडं निरोप घेऊन आला. तांत्रिक बिघाड होता, कामावर या. तांत्रिक म्हणे! तंत्र कुणाचं ते काही सांगितलं नाही. मला वाटलं, सुटलो. पण दाजी उठेनातच. मी घरी जाऊन त्यांना सगळं समजावलं, जमिनीवर काडीनं दहा आणि सोळा काढून दाखवले. ते शांतपणे ऐकून म्हणाले, “तू माझी मेहुणी. तू माझ्याच बाजूनं बोलणार न्हवं.”

“दाजी, आकडा कुणाची मेहुणी नसतोय!”

“पाणी मी सोडलं,” ते म्हणाले. “चकती माझ्या बोटानं फिरली.” आणि भिंतीकडं तोंड करून पडले. मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. माझ्याच्यानं काही झालं नाही, पण आक्का दारात उभी राहून ऐकत होती.

सकाळी मी वर्कशॉपात नुकतीच पोचले होते, तेवढ्यात बाहेर आक्काचा आवाज. मुडशिंगीहून पहिल्या बसनं आलेली, पदर खोचलेला. उद्यमनगरात लेथ चालू असतात, माणसाला माणसाचं ऐकू येत नाही, पण आक्का ऐकू येत होती. समोरच्या दुकानातली माणसं हातातलं टाकून बाहेर आली.

“पावणं, तुमीच व्हय ते साहेब?”

साहेब केबिनमधून उठले. “बसा ना बाई. काय झालं?”

“बसाय न्हाय आलो. तुमास्नी न्याय आलो. आमच्या घरात एक माणूस भित्तीकडं तोंड करून पडलाय. तुमची चूक तो आपल्या उरावर घिऊन पडलाय. ती तुमी आपल्या तोंडानं त्याला सांगा आणि मग या माघारी. न्हायतर मी हितंच बसतो. माझ्या म्हशींचं बगाय जाऊबाई हाय.”

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी वायर सोलत होते. म्हटलं, “साहेब, तिला ओळखतो मी. बसंल ती.”

साहेब आले. त्यांच्याच गाडीतून आम्ही तिघं मुडशिंगीला गेलो. घरी पोचल्यावर दाजी गडबडीनं उठून बसले, शर्ट घातला, आक्काला म्हणाले, “पावण्यास्नी च्या टाक.” साहेब खुर्चीवर टेकले आणि बोलायला लागले. पाऊस यंदा लवकर दिसतोय. ऊस बरा आहे. मशीन म्हटलं की असं थोडंफार व्हायचंच. झालं ते झालं.

“च्या मागनं,” आक्का स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. “आदी बोला.”

साहेबांनी घाम पुसला. मग म्हणाले, “प्रोग्रामात चूक होती. ती माझी. तुम्ही बारा लावलं, मशीननं जास्त पाणी सोडलं. तुमचा दोष नव्हता.” हे म्हणायला केवढंसं तोंड लागतं! पण एवढं वदवून घ्यायला माझ्या बहिणीला बस पकडून यावं लागलं.

मला वाटलं, आता दाजी रडतील, हसतील, काहीतरी करतील. त्यांनी खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली. “ह्ये माझ्याफुडं नगं,” म्हणाले. “त्याच्या घरात चला. तितं सांगा.”

गल्लीतून आम्ही चौघं चाललो. दोस्ताचं दार सताड उघडं होतं. तो सोप्यात खाटेवर बसलेला, भाजलेला पाय उशीवर, पट्टी बांधलेली. दाजी उंबऱ्याबाहेरच थांबले. साहेबांनी आत जाऊन मघाचंच परत सांगितलं, या वेळी जरा सरळ. दोस्तानं ऐकून घेतलं. “बरं,” एवढंच म्हणाला.

तेवढ्यात बाहेरून दाजी बोलले. “त्यांचं एकट्याचं न्हाय. मला मुठीत कळलं हुतं. वाळू वली हाय, ह्ये मला कळलं हुतं. तरीबी सोडली मी.”

मी चमकून त्यांच्याकडं बघितलं. हे त्यांनी आक्कालासुद्धा सांगितलं नव्हतं.

दोस्त खाटेवर पुढं सरकला. “आन् मला न्हाय कळलं व्हय? साच्याजवळ गेलतो तवाच वला वास आलता. बारा लावल्यात म्हणून वतलं की मीबी. मग काय, माझा पाय मीच जाळला म्हणू?” मग त्याचा आवाज चढला. “त्ये मरू दे सगळं. दवाखान्यात सगळी गल्ली येऊन गेली. घरात आलो तर लांबची पावणं आली. रोज ह्ये दार उघडं टाकून बसतोय मी. तू का आला न्हाईस लेका?”

दाजींनी टोपी काढली, दोन्ही हातांत धरली. दोस्ताच्या बायकोनं पदर तोंडाला लावला.

साहेब हळूच भिंतीच्या कडेनं दाराकडं सरकायला लागले. मी त्यांच्या शर्टाची बाही धरली.

“थांबा,” म्हटलं. “ह्येबी बघून जावा.”